रुमाल टाकलेली जागा

फळ्यावरची अक्षरं बोलायची, त्या काळची ही गोष्ट. 'इज' आणि 'नॉट' हे दोन इंग्रजी शब्द फळ्यावर शेजारी राहत. एकदा गाडेकर बाई मुलांना म्हणाल्या, "घाईत बोलताना हे दोघं चिकटतात. मग होतं 'इझन्ट'." त्यांनी 'नॉट'मधला गोलमटोल ओ पुसला आणि त्या जागी वर अपॉस्ट्रॉफीची इवलीशी रेघ दिली.

खाली भुकटी होऊन पडलेला ओ संतापला. "माझी जागा बळकावलीस! ना तुला आवाज, ना आकार!"

"बळकावली नाही हो, ओदादा," रेघ म्हणाली. "एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तशी मी. मी नसते, तर इथं कुणी होतं हे कळलं असतं का?"

"रुमाल सरकवून बसणारे पुष्कळ पाहिलेत," ओ कुरकुरला.

तेवढ्यात बाईंनी विचारलं, "आता हेच सावकाश, पुरतं कोण लिहील?" शर्वाणी उठली. तिनं रेघेवर बोट ठेवलं, जरा विचार केला, मग रेघ पुसून तिथं ठळक ओ काढला.

ओ बसला, तर जागा अजून उबदार होती.

"बसा दादा," खाली भुकटीतून रेघ म्हणाली. "पुन्हा घाई झाली की हाक मारा."