फावड्याचा सत्कार

“माझ्या पोटात जो शिरला तो अमर झाला!” कुस्तीच्या नामांकित मैदानातलं काचेचं कपाट म्हणालं, आणि लगेच पुटपुटलं, “तशी आजवर एक हलगीच शिरलीय. तिलाही कसर लागलीय.”

अवजारं बोलायची आणि माणसं कधीमधी ऐकायचीही, त्या काळातली ही गोष्ट. मैदानाला पन्नास वर्षं झाली, म्हणून कारभाऱ्यांनी ठरवलं, की कुस्तीच्या हौद्यातली माती उकरणारं जुनं फावडं आता या कपाटात ठेवायचं.

“या फावडेबुवा!” कपाट हरखलं. “आत हार मिळेल, लोक पाया पडतील.”

“आणि माती कोण उकरणार?”

“ते काम सोडा हो. तुम्ही आता इतिहास झालात!”

फावडं फिसकन हसलं आणि ताक-तेल प्यालेल्या त्या लाल मातीत आणखी वीतभर रुतून बसलं. दोन पैलवानांनी ओढलं, तरी हलेना.

कपाट चिडलं. “अहो, एवढा मान मिळतोय! वर बघा, मैदानाचं केवढं मोठं नाव लिहिलंय!”

“नाव असेल वर, पण पैलवान पडतो तो खाली,” फावडं म्हणालं. “चार दिवस उकरली नाही, तर या मातीचा दगड होतो. मग पैलवानांच्या मोडक्या बरगड्या ठेव तुझ्या काचेत, आणि घाल त्यांना हार.”