बिटकूची गोधडी कुणी खाल्ली

चूक बोकडआजोबांची. दुसऱ्या कुणाची नाही.

चुटकी उंदरिणीने गोधडी कुंपणावर वाळत घातली. आजोबा आले. मचमच मचमच. गोधडी गायब!

"आजोबा, ती बिटकूची होती!"

"असेल बाई. बरी लागली. थंडीत पोट भरलेलं असावं हो बाळा!"

बिळात बिटकू. चुटकीचा धाकटा भाऊ. नाक गार, कान गार, शेपटीचं टोक गार. कुडकुड कुडकुड.

चुटकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

मेंढीमावशी लोकरीत गुरफटून बसली होती.

"मावशी मावशी, लोकर दे. लोकरीची गोधडी, गोधडीत बिटकू!"

"थंडीत कान झाकावे हो बाळा! लोकर हवी? आधी पाला आण, मग देते."

कान कशाने झाकायचे? ते काही मावशीने सांगितलं नाही.

तुरुतुरु तुरुतुरु. शेवग्याचं झाड.

"शेवगेकाका, शेवगेकाका, पाला द्या. पाला मेंढीला, मेंढी देईल लोकर. लोकरीची गोधडी, गोधडीत बिटकू!"

"थंडीत पाय कोरडे ठेवावे हो बाळा! पाला हवा? आधी पाणी आण, मग देतो."

चुटकीचे पाय दवाने चिंब. काका आभाळाकडे बघत बसले.

तुरुतुरु तुरुतुरु. विहीर.

"विहीरआत्या, विहीरआत्या, पाणी दे. पाणी शेवग्याला, शेवगा देईल पाला. पाला मेंढीला, मेंढी देईल लोकर. लोकरीची गोधडी, गोधडीत बिटकू!"

"थंडीत गरम गरम प्यावं हो बाळा! पाणी हवं? आधी ऊन आण, मग देते."

आत्याच्या तोंडातून वाफ निघत होती. पाणी छान कोमट होतं. थेंब दिला नाही.

तुरुतुरु तुरुतुरु. टेकडीचा माथा. तिथे सूर्याजीराव धुक्याची दुलई पांघरून घोरत होते. घुर्रर घुर्रर.

"सूर्याजीराव, सूर्याजीराव, ऊन द्या. ऊन विहिरीला, विहीर देईल पाणी. पाणी शेवग्याला, शेवगा देईल पाला. पाला मेंढीला, मेंढी देईल लोकर. लोकरीची गोधडी, गोधडीत बिटकू!"

"थंडीत उघड्यावर फिरू नये हो बाळा! ऊन हवं? आधी माझी दुलई कोण काढतं बघ, मग देतो."

चुटकीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मोठं कुणी उरलंच नव्हतं. सगळ्यांचं सांगून झालं होतं. बिटकू अजून कुडकुडत होता.

चुटकीने दुलईचं टोक दातांत धरलं. कुरकुर कुरकुर. कुर्रर्र! दुलईला हे मोठं भोक!

"अगं अगं, गार लागतं!" सूर्याजीराव ओरडले.

"हो ना?" चुटकी म्हणाली.

मग सूर्याने दिलं ऊन. ऊन खाऊन विहिरीने दिलं पाणी. पाणी पिऊन शेवग्याने दिला पाला. पाला चघळून मेंढीने दिली लोकर.

लोकरीची गोधडी, गोधडीत बिटकू! पण गोधडी तोकडी. शेपटीचं टोक बाहेर.

चुटकी गेली बोकडआजोबांकडे. आजोबा ढाराढूर झोपले होते. पोट भरलेलं होतं ना!

कुरकुर कुरकुर.

आता गोधडी पुरली. नाक गरम, कान गरम, शेपटीचं टोक गरम. बिटकू गाढ झोपला.

बोकडआजोबांची दाढी गेली.