बुधीचं बोट

फार वर्षांपूर्वी, आमच्या पाड्याला गाडीवाट नव्हती तेव्हा, ओढ्याच्या वरच्या अंगाला बुधी नावाची म्हातारी राहायची. ती नायट्याचं औषध द्यायची. टाकळ्याचं बी आंबट ताकात वाटायची, त्यात करंजाचं तेल घालायची आणि बोटानं लावायची. तिची चाहूल लागली की नायटा अंगावरून उतरून पळायचा, असं म्हणतात.

पण तिचं एक सांगणं कुणाला पटायचं नाही. ती म्हणायची, "खाज थांबली म्हणजे नायटा गेला नाही. तो दडून बसतो. लावत राहा." लोक हसायचे. खाज थांबली की वाटी चुलीमागं जायची, आणि नायटा परत यायचा.

आमच्याकडं वैशाखात बोहाडा होतो. मुखवटे चढवून देवांची सोंगं नाचतात. देवीचं सोंग घ्यायचा मान काशिरामच्या घराकडं होता. देवीचं तांबडं लुगडं कधी धुवायचं नाही, धुतलं तर तिचं तेज जातं, अशी समजूत होती. ते नेसणाऱ्याच्या कमरेला गोल गोल चट्टे उठायचे. लोक त्यांना देवीची कडी म्हणायचे आणि त्याच्या पाया पडायचे. काशिरामही ती कडी मानानं मिरवायचा. औषध लावू द्यायचा नाही.

मग एका वर्षी ती कडी त्याच्या तान्ह्या लेकीच्या अंगावर उठली. पोर खाजवून रक्त काढायची. तिला झोप नाही, दूध तोंडात धरेना. वाळत चालली. तेव्हा काशिराम तिला पोटाशी धरून बुधीकडं आला.

बुधी म्हणाली, "पोर बरी होईल. पण तूही अंगाला लावायचं, तुझ्या बायकोनंही लावायचं. आणि लुगडं मला धुवायला द्यायचं."

ही गोष्ट गावात पसरली. कारभारी धर्मा तिच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"देवी रागावली तर, बुधे?"

"आई आहे ना ती? लेकीनं लुगडं धुतलं तर कुठली आई रागावते?"

"आणि रागावलीच तर?"

"तर खाज मला सुटेल. औषध घरातच आहे."

काशिरामनं लेकीकडं पाहिलं आणि लुगडं आणून दिलं.

बुधीनं ते राखेच्या पाण्यात उकळलं, ओढ्यावर धुतलं. सारा ओढा तांबडा झाला. लोक भिऊन काठावर उभे राहिले. मग तिनं ते काळ्या खडकावर पसरलं, आणि पदराची कड सुकेपर्यंत सूर्य डोंगराआड गेलाच नाही, असं म्हणतात. लुगडं घडी करायला उचललं तेव्हा ते पळसाच्या फुलांहून तांबडं दिसत होतं.

पोर हळूहळू निवली. दूध पिऊ लागली, झोपू लागली. मग तिच्या आईनं वाटी उचलून ठेवली. बुधी दारात आली.

"वाटी कुठं गं?"

"आता खाज कुठं आहे, आय?"

"लेकीसाठी लावलंस. आता माझ्यासाठी लाव."

म्हातारीचा शब्द कोण मोडणार? आई लावत राहिली. त्या घरात नायटा पुन्हा आला नाही.

पुढं एका उन्हाळ्यात बुधी देवीचं लुगडं वाळवायला खडकावर गेली आणि उन्हातच विरून गेली, असं म्हणतात.

अजून बोहाड्याच्या आधी गावची एखादी लेक ते लुगडं धुते. आता दवाखान्यातून मलमाची नळी मिळते. खाज थांबली की लेकरू म्हणतं, झालं बरं. तेव्हा घरातलं कुणीतरी नळीचं झाकण पुन्हा उघडतं आणि म्हणतं, "इतके दिवस तुझ्यासाठी लावलं. ये, आता बुधीसाठी लावू."