दाढेचं मौन

“हे मौन कुठल्या बाजूच्या दाढेचं?” मठाच्या थोरल्या बुवांनी विचारलं.

अद्वयानंद दचकला. त्याने उपरणं गालावर आणखी घट्ट ओढून घेतलं आणि ओठांवर बोट ठेवलं... मौन आहे.

“ते दिसतंय. मी दाढेचं विचारतोय.”

बाहेर ओसरीवर कोळवडीची माणसं हात जोडून बसली होती. ऐन तिशीत महाराजांनी मौन धरलं, अन्नही सोडलं, नुसत्या ताकावर आहेत, असं कौतुक चाललं होतं. अन्न सोडलं कुठलं? ते आतच जात नव्हतं. जबडा उघडेना, गिळताना डोळ्यांत पाणी येई. पण हे आता सांगायचं कुठल्या तोंडाने?

मागच्या एकादशीला ऐन प्रवचनात हौसाबाई उठून उभी राहिली होती. मठाच्या कोठीत धान्य निवडणारी बाई.

“म्हाराज, दाढ ठणकाय लागली की नामात मन लागत न्हाई वो. काय करू?”

“दाढ दुखते ती देहाची,” अद्वयानंद म्हणाला होता. “तू म्हणजे देह आहेस का गं? मग रडतं कोण?”

सभा खो खो हसली. हौसाबाई पदर तोंडाला लावून खाली बसली. प्रवचन तिथेच आटोपलं, आणि फार रंगलं असं सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच महाराजांची अक्कलदाढ ठणकू लागली. या दाढेच्या नावावरून मी काही बोलत नाही, बिचाऱ्याला आधीच पुरेसं झालं होतं. त्याने पाटी मागवली, तीवर ‘मौन’ एवढंच लिहिलं आणि ती दाराशी टांगली.

“आ कर,” बुवा म्हणाले.

त्याने प्रयत्न केला. करंगळीही आत जाईना.

बुवांनी त्याच्या गालावरचं उपरणं बाजूला केलं. सूज हनुवटीखाली उतरली होती. त्यांनी चपला घातल्या.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाई त्याला पाहून चिडल्याच.

“इतके दिवस काय करत होतात?”

“साधना,” बुवांनी सांगितलं.

त्या खुर्चीतच गडप व्हावं, असं अद्वयानंदाला वाटलं.

बाईंनी सुई टोचली, जरा वेळाने हिरडीशी लहानशी चीर दिली. भळाभळा पू आला. त्याची घाण अशी की त्याची त्यालाच शिसारी आली. ठणका मात्र उतरला.

“आत रबराची पट्टी ठेवलीय, ती मीच काढेन,” बाई म्हणाल्या. “चीर इतक्यात बुजता कामा नये. वरून बुजली तर आत पुन्हा साठेल. गोळ्या सगळ्या घ्यायच्या, सूज गेली की दाढ काढू. आणखी थांबला असतात ना, तर श्वास कोंडला असता.”

मठाची एक जुनी रीत होती. मौन धरण्याआधी शेवटचं उत्तर ज्याला दिलं, त्याच्याच समोर ते सोडायचं.

मठाच्या दाराशी येताच अद्वयानंदाला ती आठवली. त्याने बुवांपुढे हात जोडले, मान हलवली... हे नको.

बुवा कोठीकडे चालू लागले. ओसरीवरची माणसंही मागोमाग आली.

हौसाबाई हातातलं सूप ठेवून उभी राहिली.

अद्वयानंदाची नजर वर होईना. ज्या तोंडाने तिला गप्प केलं होतं, त्यात आता कापसाचा बोळा होता.

“दाढ...” तो म्हणाला. “दाढ दुखत होती, हौसाबाई. मौन नव्हतं ते.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

हौसाबाई दोन पावलं पुढे आली.

“अगं बाई! लई ठणकली असंल.” मग तिने हळूच विचारलं, “मग म्हाराज... तुमचं लागलं का वो मन, नामात?”

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“नाही...” अद्वयानंद म्हणाला. “एकदासुद्धा नाही. आणि तुम्ही विचारलंत, तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. म्हणून मी लोकांना हसवलं. तुमच्यावर...”

शरमेने कानशिलं तापली, डोळे वाहू लागले. त्याने घाईघाईने उपरणं तोंडावर ओढलं.

बुवांनी उपरण्याचं टोक धरलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “इतक्यात बुजवायचं नाही, सांगितलंय ना बाईंनी?”