काकणतळ्यातली सभा

आंबरखोल गावाच्या पश्चिमेस, दोन टेकड्यांच्या बेचक्यात काकणतळे आहे. राज्यभर गावोगावी फिरून इतिहास, लोककला आणि गावगाडा यांविषयी बोलणारी व लोकांना बोलते करणारी मंडळी दरवर्षी येथेही येतात. इतर ठिकाणी त्यांच्यासाठी मंडप घालतात, व्यासपीठ उभारतात, शाल-श्रीफळ देतात. आंबरखोलला यांपैकी काही नाही. येथे वक्त्याने तळ्याच्या पायरीवर, घोटाभर पाण्यात उभे राहून बोलायचे. ऐकणारे काठावर बसतात आणि बायकांच्या ओटीत खडे असतात.

यंदाच्या पाहुण्यांना पायऱ्या दाखवण्यास देवळातल्या अनसूयाबाई गुरव आल्या होत्या.

"आजी, पायमोजे काढावे लागतील का?" एका प्राध्यापकांनी हसत विचारले.

"पायमोजे काढाच, आणि मोठेपणाही इथंच काठावर ठेवा. भिजला की जड होतो," असे म्हणून अनसूयाबाईंनी पदर सावरला आणि सांगण्यास आरंभ केला.

फार पूर्वी, म्हणे, या खोऱ्यातील गावांची मिळून एक कथासभा भरत असे. दर चैत्रात ती एका गावाहून दुसऱ्या गावी जाई. ज्या गावी सभा, तेथील पाटलाने आपल्या गावाची हकिगत पाण्यात उभे राहून सर्वांसमक्ष सांगावी, आणि सभेने ती ऐकून घेतली की तीच कायमची खरी, असा दंडक होता. हकिगत अर्धी टाकून जो बाहेर येईल, त्याच्या गावाला पुन्हा सभेत बसता येत नसे.

त्या काळी येथे हैबतराव पाटील होते. त्यांनी तळे खोदले, बांध घातला. परंतु बांध टिकेना. दर पावसाळ्यात तो वाहून जाई. अखेर पाटलांना दृष्टान्त झाला की जलदेवतेस घरची थोरली सून हवी. त्या सुनेचे नाव मैना. ती गेली, बांध टिकला, तळे भरले. आणि मैना हसत गेली, असे गावात बोलले जाऊ लागले.

मैनेची थोरली बहीण तुळसा टेकडीपलीकडच्या गावी दिलेली होती. आईमागे तिनेच मैनेला वाढवले होते. निरोप मिळताच ती आली. पाटलांच्या घरी तिच्या हाती लुगडे ठेवून सांगण्यात आले, "रडू नको, तुझी बहीण देवी झाली."

तुळसा रडली नाही. परसात राख पसरली होती, त्या राखेत तिला हिरवी काच दिसली. मग गोठ्याच्या खांबापाशी दिसली, कुंपणापाशी दिसली, तळ्याच्या वाटेवर दिसली. हसत जाणाऱ्या बाईच्या बांगड्या अशा जागोजागी फुटत नाहीत. तिने एकेक तुकडा वेचून ओटीत बांधला. लुगडे मात्र घडी न मोडता तेथेच ठेवले.

त्यानंतर ती आपल्या गावी परतली. दळताना, पाणी भरताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत राही: येत्या चैत्रात सभा आंबरखोलला भरणार, आणि त्या दिवशी मैनेचे हसणे कायमचे खरे ठरणार. बहिणीला पुन्हा एकदा ढकलतील, आणि या वेळी सारे खोरे मान डोलावील.

चैत्र आला. सांगणाऱ्याने पाणी भरलेल्या परातीत उभे राहिले तरी चालत असे. परंतु आपले नवे तळे चारचौघांना दिसावे म्हणून हैबतराव जरीचा मंदील बांधून तळ्यातच उतरले. नडले ते हेच.

"माझ्या सुनेनं आपणहून मागणं घातलं," पाटील म्हणाले, "की मामंजी, मला जाऊ द्या."

काठावरून तुळसेने एक काच पाण्यात टाकली. घोट्याशी असलेले पाणी पाटलांच्या गुडघ्याशी आले, असे सांगतात.

"हौसेनं चुडा भरून घेतला."

दुसरी काच पडली. पाणी कमरेला लागले. सभेत कुजबुज उठली.

"तो चुडा माझ्या ओटीत आहे, पाटील," तुळसा उभी राहून म्हणाली. "खरं बोला. पाणी उतरेल."

"खाली बस! माझ्याच तळ्यात मला भीती घालतेस?"

"मी कुठं घालते? आत जी आहे, तिला विचारा."

मैनेला तळ्याकडे नेले त्या दिवशी तिचा नवरा सुभाना गप्प उभा राहिला होता. आज तो ओरडला, "आबा, सांगून टाका, नाहीतर बाहेर या!" बाहेर येणे म्हणजे गावाचे स्थान घालवणे, खरे बोलणे म्हणजे स्वतःचे. पाटलांना दोन्ही नको होते. "हसत गेली ती!" ते गरजले. आणखी एक काच पडली आणि पाणी गळ्याशी आले.

तुळसेच्या मुठीत शेवटचा तुकडा उरला. पाटलांनी मान उंचावली, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटले, "तिला... आम्ही तिला..."

खरे येत होते. तुळसेला ते कळले. तिला हेही कळले, की ते पुरते बाहेर पडले तर पाणी उतरेल, पाटील पायऱ्या चढून घरी जातील, हातपाय धुऊन जेवायला बसतील. मैनेला कोणी वाक्य पुरे करू दिले होते? तिने मूठ उघडली.

पाण्यावर मंदील तेवढा राहिला.

हकिगत अर्धीच होती. तेव्हा तुळसा स्वतः पायऱ्या उतरली, गळाभर पाण्यात उभी राहिली, आणि राख, खांब, कुंपण, वाट असे सारे तिने सभेला सांगितले. शब्दागणिक पाणी उतरत गेले. परंतु गुडघ्यापाशी येऊन थांबले.

"बाई, आणखी काय राहिलं?" सभेच्या पंचांनी विचारले.

"पाटील खरं बोलत होते. मी बोलू दिलं नाही."

"त्याचं वाईट वाटतं?"

"नाही."

तेवढे म्हणताच, म्हणे, पाणी घोट्याशी आले.

तेव्हापासून आंबरखोलचा रिवाज ठरला. वक्त्याचे बोलणे खोटे वाटले तर कोणीही बाई खडा टाकू शकते. मात्र खडा टाकणारीने मग स्वतः पाण्यात उतरून आपले खरे सांगायचे. आजही हा रिवाज कोणी मोडत नाही.

यंदा प्राध्यापक विजार दुमडून पायरीवर उतरले. त्यांनी आंबरखोलच्या लोकांचे आभार मानले, तळ्याच्या बांधणीविषयी जाणतेपणाने सांगितले, आणि समारोप करताना मृदू स्वरात म्हणाले, "मला वाटते, तुळसेने मनोमन अखेर पाटलांना क्षमा केली असावी."

टप्प असा आवाज झाला.

प्राध्यापकांनी आधी आपल्या पोटऱ्यांकडे पाहिले, मग काठाकडे. अनसूयाबाई ओटी झटकून, लुगडे किंचित वर धरून, पायऱ्या उतरत होत्या. त्यांना जागा देण्यासाठी ते बाजूला सरले.