लाल बटणाची तुटलेली वायर

एकदा एका कारखान्यांच्या नगरात एक वृद्ध तंत्रज्ञ राहत असत. निवृत्तीनंतर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हौशी मंडळींसाठी कार्यशाळा उघडली. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. रविवारी सकाळी तिथे तारा जोडायच्या सोल्डरचा धूर आणि चहाचा वास एकत्र दरवळे. कुणी झाडांना आपोआप पाणी घालणारा पंप करी, तर कुणी आखलेल्या रेषेवरून आपोआप धावणारी छोटी गाडी. हौसेला कारण लागत नाही.

त्यांच्या एका शिष्याला मात्र कारण होते. त्याच्या वडिलांना पक्षाघात झाला होता. मान हलत नव्हती, वाचा गेली होती. उजव्या हाताचा अंगठा तेवढा हलत होता. मुलगा कामावर असताना भरवायचे कोणी, हा प्रश्न होता. म्हणून त्याने भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटर आणून एक यांत्रिक हात बनवला. तो हात वाटीतून चमचा भरून तोंडापर्यंत नेई. थांबवण्यासाठी एक लाल बटण होते. ते वडिलांच्या अंगठ्याखाली ठेवायचे आणि नको वाटले की त्यांनी दाबायचे, अशी योजना होती.

ते यंत्र घेऊन तो मोठ्या उमेदीने शेडमध्ये आला. गुरुजींनी चष्मा पुसून यंत्र खालीवर न्याहाळले.

"वडिलांना बसवून पाहिलंस?"

"हो गुरुजी. आठवडाभर रोज रिकामा चमचा फिरवून बघतोय. ओठांच्या अलीकडे बरोबर थांबतो."

"त्यांना कसं वाटतं?"

"त्यांची काही तक्रार नाही. एकदाही बटण दाबलं नाही त्यांनी."

गुरुजी स्वतःच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वडिलांना बसवतोस तसंच मला बसव. त्यांची मान सावरायला बांधतोस तो पट्टाही बांध."

शिष्याने कपाळावरून पट्टा घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधला. गुरुजींनी लाल बटण एका हातात घेतले आणि दुसऱ्या हातात, कुणास ठाऊक कशासाठी, वायर कापायचे कटर धरले. पायाने रेटून त्यांनी खुर्ची वीतभर पुढे सरकवली.

"चालू कर."

मोटर घरघरली आणि चमचा वर उचलला गेला. तो निम्म्या वाटेवर असताना गुरुजींनी शांतपणे बटणाची वायर कापून टाकली.

"गुरुजी, हे काय करताय?"

गुरुजी बटण दाबत राहिले. पुन्हा दाबले, पुन्हा दाबले. चमचा येतच होता. शिष्याने यंत्राचा हात धरून पाहिला, पण वायपरची मोटर ती, माणसाच्या बळाला कशी दाद देणार? स्टीलचा चमचा गुरुजींच्या ओठांना लागला, दातांवर दाबला गेला. पट्ट्यामुळे मान मागे घेता येत नव्हती. त्यांचे डोळे मोठे झाले. शिष्य टेबलाखाली घुसला, प्लग चाचपू लागला, आणि हाताला लागताच त्याने तो ओढून काढला.

गुरुजींच्या ओठातून थोडे रक्त आले होते. पट्टा सोडताना शिष्याला बक्कल सापडेना.

"भीती वाटली?" गुरुजींनी विचारले.

"खूप वाटली."

"मलाही वाटली. खुर्चीत बसलेल्याला जास्त वाटते." त्यांनी रुमालाने ओठ टिपला. "अरे, बटण दाबलं तरच तुझं यंत्र थांबतं. वायर तुटली, जोड निसटला, अंगठ्यातलं बळ गेलं, तर त्याला काहीच कळत नाही. आणि काही कळलं नाही की ते धरून चालतं, की सगळं ठीक आहे. हे उलटं जोड. बटण दाबून धरलंय तोवरच यंत्रानं चालावं. पलीकडून 'चल' म्हणणारं कुणी उरलं नाही, की जागच्या जागी थांबावं. गप्प बसणं म्हणजे होकार, हे त्याला शिकवू नकोस." मग ते हळूच म्हणाले, "तूही शिकू नकोस."

ते शेवटचे वाक्य शिष्याला तेव्हा पुरते कळले नाही.

घरी येऊन त्याने जोडणी बदलायला घेतली. लाल बटण उघडले आणि त्याचा हात थबकला. गुरुजींनी वायर कापली होती ती बाहेर. आत, बटणाच्या पायाशी, सोल्डरचा जोड आधीच सुटलेला होता. बसवल्या दिवशी त्याने दाबून पाहिले होते तेव्हा बटण चालले होते. त्यानंतर पुन्हा पाहायचे त्याला सुचले नव्हते.

तो वडिलांच्या पलंगाशी गेला. होय म्हणायचे असले की वडील डोळे मिटत.

"बाबा, मी यंत्र फिरवून बघत होतो, तेव्हा तुम्ही बटण दाबत होता का?"

वडिलांनी त्याच्याकडे पाहिले आणि डोळे मिटले.

"रोज?"

वडिलांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी ते लवकर उघडले नाहीत आणि कडांतून पाणी ओघळले. आठवडाभर तो चमच्याकडे पाहत होता. अंगठ्याकडे त्याने एकदाही पाहिले नव्हते. तो पलंगाच्या कडेला बसून राहिला आणि वडिलांचा हात त्याने हातात घेतला.

नवी जोडणी झाल्यावर त्याने बटण वडिलांच्या अंगठ्याखाली ठेवले. अंगठा दाबला गेला आणि चमचा निघाला. निम्म्या वाटेवर अंगठा सुटला, तसा चमचा तिथेच थांबला. मुलाने घाई केली नाही. वडील बराच वेळ त्या थांबलेल्या चमच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपण होऊन अंगठा पुन्हा दाबला.

आपल्या घरातही एखादे माणूस कधीच तक्रार करीत नसेल. त्याचे बटण जोडलेले आहे ना, एवढे आजच पाहून घ्यावे.