गुळवेलीच्या अठराशे पुड्या

“खंयच्या झाडावरची ही?”

सुलक्षणानं हातात दिलेली पुडी पुनाजीतात्यांनी अजून उघडलीही नव्हती, आणि पहिला प्रश्न हा!

ती खट्टू झाली. छापील पुडी, आत गुळवेलीचं चूर्ण, गटातल्या बारा बायकांची महिनाभराची मेहनत. अशा अठराशे पुड्या खोक्यांत भरून तयार होत्या. ज्या माणसानं आपल्याला पाला-मुळी ओळखायला शिकवलं, त्यानं निदान बरं तरी म्हणावं की नाही?

“तात्यानू, गुळवेल ती गुळवेल. झाडाचो काय संबंध?”

“तोडली कोणी?”

“दरवर्षी आमीच तोडतो. औंदा मागणी मोठी. म्हणान पलीकडच्या गावातसून पोती मागवली.”

“तोडताना तू थंय होतंस?”

“…नाय. पण जिभेर लावून बघलंय मी. कडू. शंभर टक्के गुळवेल!”

तात्यांनी पुडी उलटी करून बघितली.

“काजरोय कडूच.”

सुलक्षणाचा चेहरा पांढराफटक पडला.

गुळवेल कुठल्याही झाडावर चढते. विषारी काजऱ्यावरही चढते, आणि काजऱ्यावरच्या वेलीला हात लावायचा नाही, हा तात्यांनी तिला दिलेला पहिला धडा. तेव्हा ती दहा वर्षांची होती. पोती भरायची घाई असलेला माणूस मान वर करून झाड कशाला बघेल? वेल ओरबाडताना काजऱ्याची साल, पाला, काय काय आलं असेल…

“तसा काय नसतला, तात्यानू,” ती कशीबशी म्हणाली. “टेम्पो येतलो आता.”

“नसतला, मां?”

तात्यांनी पुडी फाडली. सगळं चूर्ण तळहातावर ओतलं आणि हात तोंडाकडे नेला.

“तात्यानू!”

तिनं झेप घालून त्यांचं मनगट पकडलं. चूर्ण सारवलेल्या जमिनीवर सांडलं.

ती आपल्याच हाताकडे बघत राहिली. तिला धक्का बसला होता तो तात्यांचा नाही, स्वतःचा. आत्ताच आपण शंभर टक्के म्हणालो होतो…

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. बायका खोकी उचलू लागल्या.

तात्यांनी मनगट सोडवून घेतलं नाही.

“एक हात धरलंस गो,” ते म्हणाले. “अजून अठराशे रवले.”